परदेशी मिशनसाठी पोलीस शोधून द्यायचं काम – घ्यावं का?

आप्पा_पारोळा

राम राम मंडळी.

मी जळगाव जिल्हा पोलीस दलातून सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आता पारोळ्याला घर, थोडा कापूस, थोडी ज्वारी आणि नातवंडांची शाळेची ने-आण. वेळ जाता जात नाही.

गेल्या महिन्यात ओळखीतला एक मुलगा घरी आला. जळगावच्या कुठल्याशा कन्सल्टन्सीत आहे म्हणे. चहा होईपर्यंत त्याने फाइल उघडली. त्यांची कंपनी यूएनच्या शांती मिशनवर पोलीस पाठवते, खान्देशातून माणसं पाहिजेत आणि मी त्यांचा 'रिक्रूटर' व्हायचं. पाच वर्षं नोकरी झालेला कोणीही चालेल, नुकता निवृत्त झालेलाही चालेल. प्रत्येक उमेदवाराकडून नोंदणीचे पंचवीस हजार घ्यायचे, त्यातले पाच माझे. पगार डॉलरमध्ये, जागा सुदान, कांगो, सायप्रस. माझ्या नावाची व्हिजिटिंग कार्डंसुद्धा छापून आणली होती. वर निळा पृथ्वीचा गोल आणि दोन्ही बाजूंना गव्हाच्या लोंब्या.

अजून मी कोणाचा रुपया घेतला नाही, दिला नाही. पण माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा धुळ्याला राज्य राखीव दलात आहे. त्याच्या कानावर गेलं तर तो पैसे घेऊन तयारच. एवढं खरं की आपल्याकडचे लोक अशा मिशनवर जाऊन आलेत. मग त्यांना कोणीतरी निवडलंच असेल ना? ते काम कोण करतं, कसं करतं? काम खरं असेल तर मला आवडेलसुद्धा. आयुष्यभर माणूस ओळखण्याचंच काम केलं. मुलगा म्हणतो, "बाबा, हे बोगस आहे." मुलाला सगळंच बोगस वाटतं. म्हणून इथे विचारतोय.

चोपड्याचा_भो

आप्पा, या भानगडमा पडू नका! पैसा कोनलेच देऊ नका आनि कोनना घेऊबी नका. उद्या तो पोऱ्या मोबाइल बंद करी पळी जाई, आनि लोके तुमना दारमा येतीन. कार्डवर नाव तुमनं शे, त्यानं नही.

बोरीकाठ

आप्पा, नमस्कार. मी अमळनेरचा. केंद्रीय राखीव पोलीस दलातून निवृत्त झालो. दक्षिण सुदानच्या मिशनवर होतो, सुरुवातीला गस्तीवर आणि पुढे जुबाच्या मुख्यालयात पोलिसांच्या मनुष्यबळ शाखेत. म्हणजे तुम्हाला ज्या कामाचं नाव सांगितलंय ते खरं काम मी केलंय. अर्ज तपासले, फोनवर मुलाखती घेतल्या, परीक्षा घेणाऱ्या पथकाबरोबर दुसऱ्या देशांतही गेलो. म्हणून जरा लांब लिहितो, चहा ठेवून वाचा.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर: या साखळीत खासगी माणसाला जागाच नाही. न्यूयॉर्कला यूएनच्या शांतता विभागात पोलिसांची शाखा आहे. कुठल्या मिशनवर किती आणि कशा प्रकारचे पोलीस हवेत ते ती शाखा सदस्य देशांना कळवते. देशाच्या तिथल्या स्थायी कार्यालयाकडून ते आपल्या गृह मंत्रालयाकडे येतं. मंत्रालय राज्यांच्या पोलीस महासंचालकांना आणि केंद्रीय दलांना पत्र पाठवतं, तिथून परिपत्रक खाली घटकापर्यंत उतरतं. नाव जायचं ते याच वाटेने उलटं वर. आपल्याकडून पाठवली जातात ती सेवेत असलेल्यांची नावं, वरिष्ठांच्या शिफारशीने आणि चौकशी प्रलंबित नाही असा दाखला घेऊन. यूएन कुठल्याही टप्प्यावर फी घेत नाही, हे त्यांच्या प्रत्येक जाहिरातीखाली लिहिलेलं असतं. माणशी पाच हजार मला कोणी दिले असते तर मी अमळनेरला बंगला बांधला असता.

आणि त्या लोंब्या गव्हाच्या नाहीत, ऑलिव्हच्या डहाळ्या आहेत. ते चिन्ह परवानगीशिवाय वापरू नये असा महासभेचा ठराव १९४६ सालचा आहे. ती कार्डं घरात ठेवू नका.

आता काम कसं चालतं ते. तुम्ही खात्यातले आहात, तुम्हाला रस वाटेल.

आमच्या वेळी टेबलावर यायचा तो पी-११ नावाचा अर्ज. माणसाचा आख्खा नोकरीचा इतिहास त्यात असायचा, महिना-वर्षासकट. प्रशिक्षणाचा काळ वगळून किमान पाच वर्षं सेवा, वय २५ च्या वर आणि ६२ च्या आत, शक्यतो ५५ च्या आतले. हे जुळतंय का ते बघायला दोन मिनिटं लागतात. खरा वेळ जातो तो 'तुमच्या कामाचं वर्णन करा' या रकान्यावर. एकदा एका देशाचा गठ्ठा आला, त्यात सगळ्यांनी एकच परिच्छेद उतरवला होता, स्पेलिंगच्या चुकांसह. वाहतूक शाखेतला म्हणतो मी खुनाचे तपास केले, श्वानपथकातलाही तेच म्हणतो. बिचाऱ्यांना कोणीतरी नमुना दिला होता. तुमच्या कन्सल्टन्सीकडेही असा नमुना नक्की असणार.

मग फोनवर मुलाखत. पलीकडचा माणूस त्याच्या मुख्यालयात बसलेला, जुबात आमचा जनरेटर घरघरतोय, लाइन दर पाच मिनिटांनी तुटतेय. ओळखपत्राचा नंबर विचारून सुरुवात. काही जण समोर कागद मांडून वाचत. वाचणारा माणूस ऐकूच येतो, आप्पा: स्वल्पविरामाला बरोबर थांबतो आणि मध्ये प्रश्न टाकला की पानांची सळसळ. मी एकाला सरळ म्हटलं, दादा, कागद बाजूला ठेवा, तुमच्या ठाण्याचा दिवस कसा सुरू होतो ते सांगा. त्यानंतर तो असा मोकळा बोलला की त्याला मी शिफारस दिली. इंग्रजी मोडकं होतं, पण समोरच्याला कळत होतं. एवढंच लागतं.

माझा आवडता प्रश्न एक होता. तुम्ही गस्तीवर आहात, तुमच्यासमोर तिथला स्थानिक पोलीस एका पोराला काठीने मारतोय. काय कराल? दहातले सहा-सात म्हणणार, त्याला पकडीन, अटक करीन. चांगल्या, कडक अधिकाऱ्यांचं उत्तर हेच. आणि नेमकं तेच चुकतं. दक्षिण सुदानमध्ये आम्हाला अटकेचे अधिकार नव्हते, कमरेला पिस्तूलही नव्हतं. कोसोव्होत आणि पूर्व तिमोरमध्ये यूएनच्या पोलिसांनी स्वतः कायदा-सुव्यवस्था चालवली, पण तशी मिशन्स थोडीच. बाकी ठिकाणी काम असतं जवळ जाऊन उभं राहण्याचं, बोलण्याचं, मार थांबवण्याचा प्रयत्न करण्याचं, पोराला दवाखान्यात पोचवण्याचं, आणि संध्याकाळच्या आत वेळ, जागा, नाव, जखमा सगळं अहवालात लिहिण्याचं. पंचवीस वर्षं ज्याच्या शब्दावर ठाणं हललं त्याला हे पचत नाही. आपल्याकडच्या एका चांगल्या अधिकाऱ्याचा सूर मी असाच ऐकला: "म्हणजे आम्ही नुसतं बघायचं?" त्याला नाही म्हणताना वाईट वाटलं, पण नाहीच म्हटलं.

रिक्रूटरचं काम म्हणजे बहुतेक नाही म्हणण्याचं काम. आणि ज्याला नाही म्हणतो तो नेहमी दुसरंच कारण धरून बसतो. त्याला वाटतं नेमबाजीत कमी पडलो, वशिला नव्हता, आपला देश मागे पडला.

नेमबाजीवरून आठवलं. परीक्षा तीन गोष्टींची असते: भाषा, गाडी, शस्त्र. शस्त्र हाताळणं आणि गोळीबार हे आपल्या लोकांना जड नाही. माझ्या अनुभवात माणसं पडायची ती आधीच्या दोनमध्ये. भाषेच्या परीक्षेत वाचन असतं, रेकॉर्ड केलेलं ऐकून त्याचा अहवाल लिहायचा असतो आणि समोरासमोर बोलायचं असतं. ध्वनिफितीतला आवाज आपल्या उच्चाराचा नसतो, मग माणूस पहिल्या वाक्याला अडकतो आणि पुढची चार हुकतात. अहवालात लोक सुरुवातीला साहेबांना नमस्कार, मध्ये आपलं मत आणि शेवटी सूचना लिहितात. कोण, कुठे, कधी, काय, एवढंच हवं असतं. ज्याने ठाण्यात स्टेशन डायरी इमानदारीने लिहिली त्याला हे सोपं जातं.

गाडीची गंमत वेगळीच. मोठमोठे अधिकारी गाडीवर नापास होतात, कारण वर्षानुवर्षं चालक होता. मिशनवर चालक नसतो, सगळे स्वतः चालवतात. पांढरी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप, गिअर हाताचे, स्टिअरिंग डावीकडे, कारण दक्षिण सुदानमध्ये वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने. पावसाळ्यात तिथली काळी माती म्हणजे आपली कापसाचीच जमीन, जुलैत बांधावर गाडी घातल्यावर चाकाला जशी चिकटते तशीच. बेंटिऊच्या बाजूला मी अशा चिखलात गाडी काढली तेव्हा सोबतचा नॉर्वेचा अधिकारी विचारत होता, हे कुठे शिकलास? त्याला काय सांगू, आमच्या गावाकडे, मारवडच्या शेतात.

का एवढी चाळणी? बेंटिऊच्या यूएन तळाशेजारी एके काळी लाखाहून जास्त माणसं आसऱ्याला होती, डिसेंबर २०१३ च्या लढाईनंतर आलेली. ताडपत्रीच्या झोपड्या, एका नळावर दोन जमातींच्या बायका. तिथे रागीट माणूस पाठवला की संध्याकाळपर्यंत दंगल. हे अर्जात दिसत नाही, मुलाखतीतही पुरतं दिसत नाही. आप्पा, माणूस ओळखायचं तुम्ही म्हणालात ते इथेच लागतं, पण ते करायचा अधिकार गणवेशातल्यालाच.

आता कन्सल्टन्सीबद्दल. अमेरिकेत खासगी कंपनी हे काम करायची, ते खरं आहे. त्यांच्याकडे पाठवायला राष्ट्रीय पोलीस दल नाही, गावोगावची स्वतंत्र खाती. म्हणून १९९० च्या दशकात हैती, बोस्निया, कोसोव्होसाठी त्यांच्या परराष्ट्र खात्याने कंत्राटदारामार्फत पोलीस गोळा केले. निवृत्त लोकही गेले. इंटरनेटवर ते वाचून इकडे कोणीतरी दुकान थाटलं असेल. भारतात ती पद्धत नाही.

आखातात सुरक्षारक्षक म्हणून माणसं पाठवणं हा वेगळा, रीतसर धंदा आहे. त्यालाही १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी लागते. नोंदणी झालेल्या एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते, आणि उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतात, तेही पावती देऊन. नोंदणीशिवाय भरती करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. 'आमच्यातर्फे तुम्ही माणसं आणा' म्हणजे तुम्हाला सब-एजंट केलं. कायद्याच्या नजरेत तुम्ही त्या मुलापेक्षा वेगळे नाही.

त्याला एकच विचारा: नोंदणी क्रमांक काय?

नंदुरबारची_पोर

बोरीकाठ सर, मी नंदुरबार जिल्ह्यात पीएसआय आहे, नोकरीला सहा वर्षं. परिपत्रक आमच्या इथे येतं तेव्हा शेवटची तारीख उलटून गेलेली असते! महिलांना खरंच संधी असते का, की फोटोपुरती? आणि तयारी आत्तापासून काय करू? इंग्रजी बरं आहे, बोलताना अडते. घरी आहिराणी, ठाण्यात मराठी, पाड्यावर भिली. इंग्रजी बोलायचं कोणाशी?

बोरीकाठ

ताई, फोटोपुरती नाही. २००७ मध्ये लायबेरियात संपूर्ण महिलांची पहिली पोलीस तुकडी गेली ती भारताची, आमच्याच दलातली. २०१६ पर्यंत तुकड्या बदलत राहिल्या. मन्रोव्हियात रात्रीची गस्त त्या करत. तुकडी म्हणून जाणं आणि एकटं अधिकारी म्हणून जाणं हे दोन वेगळे मार्ग आहेत, हे मात्र लक्षात ठेवा. तुकडीत साधारण १४० जण, आपला कमांडर, आपला स्वयंपाक, शस्त्रं सोबत. एकट्याने गेलात तर खोलीच्या एका बाजूला रवांडाची, दुसऱ्या बाजूला नेपाळची, आणि जेवण तुमचं तुम्ही करायचं. घरचा पगार सुरू राहतो, वर मिशनचा रोजचा भत्ता. मी जे मुलाखतीचं लिहिलं ते या एकट्यांच्या निवडीचं.

यूएनने २०१८ मध्ये ठरवलंय की २०२८ पर्यंत मिशनवरच्या अशा एकट्या पोलीस अधिकाऱ्यांत ३० टक्के महिला हव्यात. म्हणून आमच्याकडे महिलेचा अर्ज आला की तो आधी उघडायचो. परीक्षेत सूट मात्र अजिबात नाही. आणि गरज खरीच आहे. छावणीत बाईवर अत्याचार झाला तर ती माझ्याशी बोलायची नाही. आमच्यातल्या घानाच्या एका अधिकाऱ्याबाई झोपडीत जाऊन तासभर बसायच्या, बाहेर आल्या की वहीत सगळं असायचं. आम्ही चौघे पुरुष बाहेर जीपपाशी.

पाड्यावर भिलीत बोलता ना? ते अर्जात लिहा. दुभाष्याशिवाय किंवा दुभाष्याबरोबर दुसऱ्या समाजात काम केलंय हे सांगणारा अर्ज मी कधी खाली ठेवला नाही. कुठला पाडा, कुठली तक्रार, पोलिसावर विश्वास नसलेल्या बाईला तुम्ही ठाण्यापर्यंत कसं आणलं, तेवढं साध्या इंग्रजीत चार ओळी.

तयारीचं म्हणाल तर रोज आफ्रिकेतल्या इंग्रजी बातम्या ऐका, केनियाच्या, नायजेरियाच्या. दोन मिनिटं ऐकायचं, बंद करायचं, पाच ओळींचा अहवाल लिहायचा. बोलायला कोणी नसेल तर स्वतःच्याच एका गुन्ह्याची हकीकत मोठ्याने सांगा, भिंतीला सांगा. फ्रेंच येत असेल तर सोनं, कारण कांगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक फ्रेंच बोलतात आणि तिथे इंग्रजीवाल्यांची गर्दी उपयोगाची नसते. गाडी स्वतः चालवा, ठाण्याच्या चालकाला शेजारी बसवा. परिपत्रकाचं म्हणाल तर अधीक्षक कार्यालयातल्या आस्थापना शाखेतल्या लिपिकाशी ओळख ठेवा. तो सांगेल, दुसरं कोणी सांगणार नाही.

निवड झालीच तर पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रावरूनच. पिवळं कार्ड पासपोर्टात ठेवा. आमच्यातला एक जण ते सामानात टाकून बसला आणि विमानतळावर अर्धा दिवस अडकला.

चोपड्याचा_भो

बोरीकाठ दादा, मारवडना शेतमा गाडी शिकेल माणूस नॉर्वेवालाले शिकाडी ऱ्हायना! वाची सन मजा वनी.

आप्पा_पारोळा

बोरीकाठ साहेब, आभार मानावे तेवढे थोडे. काल त्या मुलाला बोलावलं. चहा पाजला आणि नोंदणी क्रमांक विचारला. म्हणाला, "मोठे सर दिल्लीला आहेत, ते सांगतील." मी म्हटलं, सरांना फोन लाव. लागला नाही. मग कार्डांचं बोललो तर म्हणतो, "आप्पा, चिन्ह काढून दुसरी छापून देतो ना." म्हणजे चिन्हाची अडचण त्याला आधीच ठाऊक होती! तीस वर्षं खात्यात काढली, एवढं तर कळतं. जुन्या सवयीने त्याच्याकडून कंपनीचा पत्ता आणि सरांचा नंबर लिहून घेतलाय. उद्या जळगावला एका जुन्या साहेबांकडे घेऊन जातो. अजून कोणाकोणाच्या दारी गेलाय तेही त्याने सांगितलं, त्यांना मी स्वतः फोन केले. एरंडोलच्या एकाने दहा हजार दिलेले निघाले. त्याला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला बसवलं, पैसे मोबाइलवरून गेले होते.

आता सहकाऱ्याच्या मुलाचं. त्याला तुमचं सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो, मी आमच्या गटाच्या कार्यालयात रीतसर विचारतो, इंग्रजीचीही तयारी करतो. पण गाडीचं कसं? त्याच्याकडे मोटारसायकल आहे, आणि घरचा ट्रॅक्टर तो बारावीपासून चालवतो. ट्रॅक्टर धरतात का हो?

बोरीकाठ

नाही धरत, आप्पा. परवाना चारचाकी मोटारीचा लागेल, आणि नुसता परवाना नाही, हात बसलेला हवा. पण ट्रॅक्टरवाल्याला क्लच समजतो, ते अर्धं काम. कोणाची तरी जुनी बोलेरो मागून घ्या. बसायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारून चाकं बघायची, मग पट्टा, मग आरसे. आणि रिव्हर्स: दोन खुंट्या रोवा, मध्ये गाडी मागे घ्यायला लावा, रोज दहा-बारा वेळा. आमच्या समोर सगळ्यात जास्त खुंट्या रिव्हर्समध्येच पडायच्या.

हुद्द्याची अट परिपत्रकातच असेल, ती आधी वाचायला सांगा. त्यात बसत असेल तर अर्ज भरल्यावर मला इथेच कळवा. 'कामाचं वर्णन' तेवढं मी बघून देतो, फुकट.